‘डाव्या बाजूचा उमराव’ आवडलेले आणि न आवडलेले

सन्माननीय अध्यक्ष महोदय, ज्यांनी या इमारतीचं गळकं छत दुरुस्त होईपर्यंत कोणालाही स्वस्थ बसू दिलं नाही. आजच्या प्रमुख पाहुण्या, मोठ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाच्या संचालिका. व्यासपीठाच्या मधल्या खुर्चीत बसायला अजिबात तयार नसलेल्या, आणि म्हणूनच तिथे बसवाव्या लागलेल्या, आज निवृत्त होणाऱ्या आमच्या ग्रंथपाल बाई. त्यांचे यजमान, कन्या, जावई. आणि समोर बसलेले, पुस्तकं वेळेवर परत करणारे व न करणारे सर्व वाचकहो,

मला बोलायला उभं केलंय, यात थोडी जोखीम आहे. मी दातांचा डॉक्टर. माझ्यासमोर बसणाऱ्या माणसाचं तोंड उघडं असतं आणि त्याला बोलता येत नसतं. त्यामुळे मला उलट उत्तर ऐकायची सवयच राहिली नव्हती. वाचनालयाच्या शनिवारच्या बैठकीला मी यायला लागलो, तो खरं म्हणजे त्यासाठी. इथे माणसं एक पुस्तक वाचतात आणि मग चहा पीत त्यावरून एकमेकांचं म्हणणं खोडून काढतात. हे मला फार आवडलं.

बाईंच्या कामाबद्दल बाकीचे वक्ते बोलतीलच. नवी इमारत, मुलांचा विभाग, संगणक, सगळं. मी फक्त एका पुस्तकाबद्दल बोलणार आहे. आणि ते पुस्तक, सांगायला हरकत नाही, मला ठीकठाक वाटलं होतं. पण त्या पुस्तकानं आमच्या बैठकीत जे घडवलं, ते मी आयुष्यात विसरणार नाही. ज्यांच्याबद्दल बोलणार आहे ते काका-काकू इथेच बसले आहेत. दोघांचीही परवानगी घेतली आहे. काकूंनी लगेच दिली. काकांनी ‘नीट सांगणार असाल तर सांगा’ असं म्हणून दिली.

कादंबरीचं नाव ‘डाव्या बाजूचा उमराव’. भाषांतरित. काळ दोनशे वर्षांपूर्वीचा, जागा इंग्लंड. राजाला वेड लागलेलं आणि त्याच्या जागी युवराज कारभार पाहतोय, त्याला तिकडे रीजन्सीचा काळ म्हणतात. घोडागाड्या, नाचाच्या मेजवान्या, हातमोजे. नायिकेचं वय लग्नाच्या बाजारात जरा जास्त झालेलं. तिची आत्या रोज एक नवा नवरदेव जेवायला बोलावते आणि प्रत्येक नवरदेव जेवताना स्वतःच्या कविता म्हणतो. कंटाळून ही मुलगी जाहीर करते, की तापामुळे माझा डावा कान गेला. मग काय, नको असलेला पाहुणा आला की त्याला डावीकडे बसवायचं!

पुढे एक उमराव येतो. चारचौघांत याला एक वाक्य धड बोलता येत नाही. पण डाव्या बाजूला बसल्यावर त्याच्या लक्षात येतं, की अरे, हिला तर इकडचं ऐकूच येत नाही. आणि तो बोलायला लागतो. घोड्यांची भीती वाटते, वडिलांची आठवण येते, आत्याबाईंचं सूप अंघोळीच्या पाण्यासारखं लागतं, आणि तू मला फार आवडतेस. ती सगळं ऐकते आहे, आणि चेहरा मात्र सरळ ठेवावा लागतोय. अशी ती गंमत.

आता बैठकीत काय झालं? मतांचा नुसता बाजार भरला. आमचे इतिहासाचे प्राध्यापक, ज्यांच्या मिशा त्यांच्या आधी खोलीत येत असत, ते म्हणाले, “त्या वेळी अर्धा युरोप लढाईत होरपळत होता. आणि या पुस्तकातलं सगळ्यात मोठं संकट काय, तर एका बाईची टोपी पावसात भिजली!” वकीलबाई म्हणाल्या, “पहिल्या पानापासून शेवटपर्यंत ही फसवणूक आहे. त्या उमरावानं दावा लावायला हवा.” शहर बस चालवणाऱ्या ताई उसळल्या. “मी शेवटच्या थांब्यावर बसून वाचत होते आणि इतकी हसले, की चढायला आलेली माणसं मागे सरकली. अहो, सगळ्या पुस्तकांनी शहाणपण शिकवायलाच पाहिजे का?” काकू, म्हणजे निवृत्त भूगोलाच्या शिक्षिका, ताईंच्या बाजूनं. त्यांनी जेवणाचा प्रसंग मोठ्यानं वाचून दाखवला. आत्याबाई त्या डाव्या कानाला तोंड लावून ओरडतात, ‘आणखी सूप घेणार का?’, आणि मुलगी उत्तर देते, ‘हो, हवा फार छान आहे.’ आम्ही सगळे पोट धरून हसलो.

तेव्हा काका उभे राहिले.

काकांना आम्ही पूलवाले काका म्हणतो. नोकरीभर त्यांनी नद्यांवर पूल बांधले. बैठकीला काकूंच्या शेजारी बसायचे, सगळ्यांबरोबर हसायचे, आणि पाळी आली की म्हणायचे, ‘छान आहे, मी सहमत आहे.’ इतका गुणी सभासद दुसरा नव्हता. त्या दिवशी मात्र म्हणाले, “हे पुस्तक वाचनालयातून काढून टाका.”

“बहिरेपणाची थट्टा आहे ही,” ते म्हणाले.

बाईंनी शांतपणे विचारलं, “काका, नक्की कुठलं पान लागलं तुम्हाला?”

काका म्हणाले, “नको, आत्ताच झाला चहा.”

कोणीतरी हसलं. आम्हाला वाटलं, काकांनी कादंबरीचीच नक्कल केली. मग आणखी दोघं हसली. आणि काकाही हसले, आमच्याकडे पाहत, नेहमीसारखे. मग ते हसू त्यांच्या चेहऱ्यावरून उतरत गेलं. त्यांनी छत्री उचलली आणि जिना उतरून निघून गेले.

काकू तिथेच बसून राहिल्या. “यांना काय झालं? घरी तर माझं सगळं ऐकतात,” त्या म्हणाल्या. “मी काहीही म्हटलं तरी ‘हो, बरोबर आहे तुझं’ म्हणतात.”

वकीलबाईंनी हळूच विचारलं, “नेहमीच?”

हातातलं पुस्तक मिटायचंही काकूंना सुचलं नाही.

मित्रहो, तुम्ही म्हणाल, नवऱ्याला ऐकू येत नाही, हे एका घरात राहून बायकोला कळलं कसं नाही? मलाही प्रश्न पडला होता. पण हे सगळं फार सावकाश होत जातं. माझ्या दवाखान्यात काका मला मास्क काढूनच बोलायला लावत. मला वाटायचं, जुन्या वळणाचे आहेत, चेहरा पाहिल्याशिवाय विश्वास बसत नसेल. जिना उतरताना काकू बाईंना म्हणाल्या, “मला वाटत होतं, त्यांना माझ्या बोलण्याचा कंटाळा आलाय.” मी दोन पायऱ्या मागे होतो. कानावर पडलं.

त्यानंतर वाचनालयात दुसरी चर्चा सुरू झाली. पुस्तक काढायचं की ठेवायचं? वकीलबाई म्हणाल्या, “काही दिवस आतल्या कपाटात ठेवा, पुस्तकापेक्षा माणसाचं मन मोठं.” प्राध्यापक म्हणाले, “पुस्तक टाकाऊ आहे, पण काढू देणार नाही.” आणि सगळे बाईंच्या तोंडाकडे पाहायला लागले. बाई ‘बघते’ एवढंच म्हणाल्या आणि मला सांगितलं, “डॉक्टर, उद्या सकाळी चला माझ्याबरोबर.”

गेलो. काका बाहेरच्या खोलीत पेपर वाचत होते. बाईंनी आधी काय केलं असेल? खिडकीचा पडदा सारला, खुर्ची ओढून काकांच्या अगदी समोर बसल्या, उजेड स्वतःच्या तोंडावर येईल अशा. आणि साध्या आवाजात, ओरडल्याशिवाय बोलल्या. “काका, पुस्तक काढायचं की नाही हे मी एकटी ठरवणार नाही. तुमचं म्हणणं तुम्ही येऊन मांडा, सगळ्यांना पटवा.”

“येऊन काय करू?” काका म्हणाले. “मला तिथलं काही ऐकू येत नाही. बरीच वर्षं झाली. तुम्ही हसलात की मी हसतो.”

“मग येत का होता?”

“ही येते म्हणून. आणि तुमच्या तोंडांवरून कळायचं, काहीतरी चांगलं चाललंय.”

काकू मागे दारात चहाचा ट्रे घेऊन उभ्या होत्या. त्यांनी तिथूनच विचारलं, “मला का नाही सांगितलंत?” काकांना अर्थातच काही कळलं नाही. ते बाईंकडेच पाहत राहिले. बाईंनी काकूंना हातानं खूण केली, की पुढे या. स्वतः खुर्चीतून उठल्या. काकू त्या खुर्चीत बसल्या आणि तेच पुन्हा म्हणाल्या. “मला का नाही सांगितलंत?”

काका म्हणाले, “अगं, प्रत्येक वाक्याला ‘काय? काय?’ करत बसलो असतो, तर तू बोलणं कमी केलं असतंस.”

“कमीच केलं होतं हो,” काकू म्हणाल्या. “तुम्ही नुसतं हो-हो करायला लागलात, तेव्हापासून.”

आम्ही दोघं चहा न घेता निघालो. कोपऱ्यावर आल्यावर बाई म्हणाल्या, “ते लांब टेबल हलवायला हवं.”

पुढच्या शनिवारी आम्ही वर गेलो, तर ते भलंमोठं टेबल भिंतीला लागलेलं आणि खुर्च्या गोल मांडलेल्या. घरघर करणारा पंखा बंद. बाईंनी एवढंच सांगितलं, एका वेळी एकानं बोलायचं, काकांकडे तोंड करून बोलायचं आणि तोंडापुढे हात धरायचा नाही. वकीलबाईंना हे जड गेलं, त्यांची निम्मी मतं हाताआडून शेजारणीला सांगायची असत. आणि प्राध्यापक आले तेव्हा क्षणभर कोणी ओळखलं नाही. मिशा कापून आले होते, ओठ दिसावेत म्हणून. कोणी सांगितलं नव्हतं त्यांना. विचारलं तर म्हणाले, “उन्हाळा फार आहे.”

आता सांगा, हे सगळं आम्ही आधी का नाही केलं, असं कोणाला विचारायचं? आधी कोणाला ठाऊकच नव्हतं. ते ठाऊक झालं एका हलक्याफुलक्या कादंबरीमुळे, आणि ती न आवडलेल्या एका वाचकामुळे.

त्या दिवशी पहिले बोलले काका. पुस्तक दुसऱ्यांदा वाचून आले होते. म्हणाले, “लेखिका चुकली आहे. कुठे ते सांगतो. तिच्या नायिकेला ऐकू येत नाही असं सोंग करायचंय, आणि ती चेहरा सरळ ठेवून बसते. असं नसतं. ऐकू न येणारा माणूस पहिली गोष्ट शिकतो ती हसायची. कळलं नाही तरी हसायचं. हसलं की कोणी पुढे विचारत नाही.” पुढे म्हणाले, “तो उमराव मात्र खरा आहे. समोरच्याला ऐकू जात नाही म्हटल्यावर माणूस मनातलं बोलून टाकतो. माझ्याशी खूप लोक तसं बोलले असतील. मला ते कळलं नाही, एवढंच. पुस्तक काढा असं आता मी म्हणत नाही. चांगलं आहे असंही म्हणणार नाही.”

बसताईंना यावर काहीतरी म्हणायचं होतं, पण मध्येच काकू म्हणाल्या, काकांकडे तोंड करून, एकेक शब्द सुटा करत, “मला आवडलं. ते जेवण तर सगळ्यात जास्त.”

“तो तर सगळ्यात वाईट भाग,” काका म्हणाले.

“तुम्हाला विनोद कळत नाही.”

“नाही. हा विनोद नाही. तुझी त्या आत्याबाईंना उगीच सहानुभूती आहे. तुझं सूपही तसंच असतं.”

काकूंनी तोंड उघडलं, आणि आम्हाला वाटलं, आता काही खरं नाही. पण त्यांचे डोळे भरून आले होते आणि त्याच वेळी त्या हसत होत्या. मग पदरानं डोळे पुसून म्हणाल्या, “अहो, किती दिवसांनी तुम्ही मला ‘नाही’ म्हणालात.”

काकांनी ते तिच्या ओठांवरून बरोबर वाचलं. त्यांनी काकूंचा हात धरला, आणि सूप खरंच तसं असतं, हे पुन्हा एकदा सांगितलं.

नंतर काकांनी कानाचं यंत्रही घेतलं. ते कधी कधी शिट्टी वाजवतं. कादंबरी वाचनालयात आहे, आणि तिच्याबद्दल आमचं अजूनही एकमत नाही. प्राध्यापकांना ती उथळच वाटते. बसताईंनी तिसऱ्यांदा नेली आहे.

बाई, त्या शनिवारी पुस्तक काढून टाकलं असतंत, तर काकांना बरं वाटलं असतं आणि ते पुन्हा कधीच आले नसते. काका हळवे आहेत असं म्हणून सोडून दिलं असतंत, तरी आले नसते. तुम्ही दोन्ही केलं नाहीत. तुम्ही खुर्ची समोर ओढलीत. माझ्या धंद्यात मी रोज माणसांच्या तोंडाशी असतो, पण समोर बसणं म्हणजे काय, हे मी त्या सकाळी पाहिलं. उद्यापासून तुमच्या जागेवर दुसरं कोणी बसेल. त्यांचं आम्ही मनापासून स्वागत करू. पण आजचा दिवस तुमचा आहे, एवढं म्हणायची मुभा द्या.

अध्यक्ष महाराज मघापासून घड्याळाकडे पाहताहेत, तेव्हा आवरतो. मला बोलू दिलंत, इतका वेळ ऐकून घेतलंत, त्याबद्दल आयोजकांचे आणि आपणा सर्वांचे मनापासून आभार. बोलण्याच्या भरात कोणाचा मान राखायचा राहून गेला असेल, कमीजास्त शब्द गेला असेल, तर पदरात घ्यावं. आणि तिकडे तिसऱ्या रांगेत पूलवाले काका केव्हापासून उभे राहून जोरजोरात मान हलवताहेत. माझ्या सांगण्यात काहीतरी चुकलंय, त्यांना ते पटलेलं नाही. काकू त्यांना खाली बसा म्हणून खुणावताहेत, आणि ते ऐकत नाहीत.

या, काका. ध्वनिक्षेपक तुमच्याकडे देतो. बोला.