पुतळे उरले पाहिजेत

सासू: म्हणजे माझी शिलाई कच्ची, असं म्हणायचंय तुम्हाला?

जावई: नाही हो आई. शिलाई पक्कीच होती. पण कालच्या तालमीत पुतळेच उरले नाहीत.

सासू: उरले नाहीत म्हणजे? पाय फुटले की काय त्यांना?

जावई: पेंढा उडाला, कापडाच्या चिंध्या झाल्या. मैदानात नुसते खुंट उभे.

सासू: तुमच्या कंपनीला नेमबाजीचे पुतळे मीच शिवत आले, तुम्ही जावई व्हायच्या आधीपासून. पूर्वी कसं, छातीत एक भोक, पोटात एक भोक. परत यायचे, मी ठिगळ लावायचे, की गडी पुन्हा मरायला तयार. आता म्हणे चिंध्या! माझं दुरुस्तीचं काम बुडवलंत आणि वर शिलाईला नावं ठेवता?

लेक: आई, तू त्या नव्या बंदुकीचा आवाज ऐकायला हवा होतास. मी कुंपणापाशी डबा द्यायला गेले होते ना यांना. धाड धाड असं काही नाहीच. कोणीतरी कापडाचा अख्खा तागा टराटरा फाडतंय असं वाटलं.

जावई: कारण दोन गोळ्यांमध्ये कानाला फटच सापडत नाही! सहा नळ्या, आई. गोल जुडी बांधलेल्या. मोटर त्यांना गरागरा फिरवते.

सासू: सहा नळ्या म्हणजे एका दमात सहा माणसं.

जावई: तसं नाही. एका वेळी एकाच नळीतून गोळी सुटते. ती फिरून पुढे सरकते, मागची तिच्या जागी येते. तोवर पहिली जरा गार होते.

सासू: बघ गं, नळ्यांनासुद्धा विसावा आहे. या घरात एक मीच बिनमोटरची फिरतेय.

जावई: मिनिटाला हजारो गोळ्या, आई! हजारो!

सासू: आणि एवढं ओझं तो शिपाई बिचारा खांद्यावर घेऊन पळतो?

जावई: खांद्यावर कुठली! हेलिकॉप्टरच्या दारात बसवायची, नाहीतर गाडीच्या टपावर. वरून नुसता हात फिरवला की खालची झाडी भादरून निघते. खंदकातल्या शत्रूला डोकं वर काढायची सोय नाही.

सासू: आणि मिनिट संपल्यावर?

जावई: मिनिटभर कोणी चालवतच नाही. त्याआधीच गोळ्यांच्या पेट्या रिकाम्या होतात. जरा दाबायचं, लगेच सोडायचं.

सासू: मग मिनिटाच्या गप्पा कशाला मारता?

जावई: गिऱ्हाइकाला आवडतात.

लेक: अहो, कामाचं बोला ना. चहा निवतोय.

जावई: काम असं, की उद्या पाहुणे येतायत बंदूक बघायला. काल आमच्या साहेबांनी दुर्बीण लावली आणि म्हणाले, नेम लागला हे कशावरून? समोर तर काहीच नाही! इथे पुतळे होते हे पाहुण्यांना पटवायचं कसं?

सासू: अगं बाई! म्हणजे बंदूक एवढी भारी, की स्वतःची करामतच गिळून बसते.

जावई: अगदी बरोबर! म्हणून पुतळे दणकट हवेत. दुहेरी ताडपत्री, आत लोखंडी जाळी. चाळण झाली पाहिजे, पण उभे राहिले पाहिजेत.

सासू: जीव गेला तरी पाहुणे उठेपर्यंत उभं राहायचं. मोठ्या घरच्या सुनेसारखं.

जावई: आणि या खेपेला अंगात कपडे हवेत. पाहुण्यांची खास मागणी आहे. कापड त्यांनीच दिलंय. अगं, ती पिशवी दे आईंना.

लेक: ही घे आई. अय्या… आई, हा रंग बघितलास?

सासू: उजेडात धर जरा. हा तर आपल्या धाकट्याच्या वर्दीचा रंग.

जावई: वर्द्यांचे रंग काय, सगळे सारखेच दिसतात.

सासू: जावईबापू, मी शाळेत बसले ती दाराशी, आणि तिथूनही लवकर उठवली मला. पण कापड मला कोणी शिकवू नये. सुट्टीवर आला होता तेव्हा याच कापडाची बाही उसवून मी पुन्हा जोडली. पाहुणे कुठले?

जावई: बाहेरचे.

सासू: घराबाहेर पाऊल टाकलं की सगळं बाहेरचंच. नीट सांगा.

जावई: नदीपलीकडचे.

लेक: अहो! नदीच्या या काठावर माझा भाऊ खंदकात बसलाय!

जावई: अगं, पण सध्या गोळीबार थांबलाय ना. तहाची बोलणी चालू आहेत. त्यांचे अधिकारी बोलणीसाठी आलेतच, तर जाता जाता बंदूकही बघून जातील.

सासू: एका हाताने तह, दुसऱ्या हाताने खरेदी. आटोपशीर काम आहे.

जावई: आणि हीच बंदूक आपल्या सैन्याला आम्ही आधीच विकलीय. दोन्हीकडे असली की समतोल राहतो.

सासू: दोघांच्या हातात एकच वस्तू. मग जिंकायचं कोणी?

जावई: त्यात कंपनी पडत नाही.

सासू: कंपनी कशाला पडेल? पडायला माझा पोरगा आहे.

जावई: आम्ही नाही विकली तर दुसरं कोणी विकेल, आई.

सासू: मग पुतळेही त्या दुसऱ्याच्या सासूकडून शिवून घ्या.

लेक: आई बरोबर बोलतेय.

जावई: तू बोलूच नकोस! गॅलरीवाली जागा हवी म्हणून माझ्यामागे कोण लागलं होतं? ती जागा बढतीशिवाय मिळत नाही.

लेक: लागले होते. मला वाटायचं, तुम्ही फक्त आपल्यालाच विकता.

जावई: आई, शांतपणे ऐका. उद्याचं नीट पार पडलं तर माझा शब्द वरपर्यंत चालेल. धाकट्याला खंदकातून काढतो आणि मागे गोदामावर आणतो. डोक्यावर छप्पर, झोपायला खाट, गरम जेवण. तुम्ही हो म्हणा, आत्ता फोन लावतो.

लेक: खरंच जमेल?

जावई: एका फोनचं काम आहे.

(शिलाई मशीनचं चाक अर्धवट फिरून थांबतं.)

सासू: त्याची छाती लवकर भरते. गोदामात ओल नाही ना?

जावई: कोरडं ठणठणीत. दारूगोळा असतो तिथे.

सासू: मग बरं. दारूगोळ्याच्या निमित्ताने का होईना, पोराला कोणी जपेल.

जावई: म्हणजे हो ना? सगळे पुतळे एकाच मापाचे करा. साधारण तरण्याताठ्या पोराचं अंग धरा. मी लावतो फोन.

सासू: लावा. पण मला एक सांगा. खंदकातली त्याची जागा मोकळी राहणार?

जावई: मोकळी कशी ठेवतील? दुसरा येईल.

सासू: कोण दुसरा?

जावई: असेल कोणीतरी. तुम्हाला काय करायचंय?

सासू: त्याच्या आईला जावई आहे?

जावई: ते मला कसं माहीत असणार?

लेक: आई, तिन्हीसांजेच्या आत व्हायचे असतील तर आत्ताच कापड बेतायला हवं. कात्री देऊ?

सासू: राहू दे. आधी जावईबापू त्या दुसऱ्याच्या आईचं विचारून येतील.