रांगेतला तांडेल

उत्तराबाई : ते सगळं कबूल, दामाजी. पण उद्या अकरा वाजता रतनचा पहिला पेपर आहे. सातवीची फायनल. आणि आज पोरगी शाळेत येऊन मला सांगते, "बाई, उद्या मला यायला जमणार नाही, उद्या मला मोजायचंय." मोजायचंय म्हणजे काय?

दामाजी : आदी बसा तर खरं. त्या फलीवर बसा. आमच्या होडीची हाय. अट्ठेचालीसच्या वादलात होडी गेली, तेवडी फली परत आली. कोन मोठं मानूस आलं का तिच्यावर बसवतो.

उत्तराबाई : बसले. आता सांगा.

दामाजी : मोजायचंय म्हंजे मोजायचंय. दर मंगलवारी सकाली धर्मशालेम्होरं समितीवाले जवारी वाटतात. वादलात ज्यांच्या होड्या गेल्या त्यांना. पन घरात पाच खानारी हायत, असं तोंडानं बोलून चालत नाय. पाची डोकी रांगेत उबी करायची. मी, ही, रतन, न धाकटी दोगं. समितीचा शेठ काठीनं मोजतो, वल्हनीवर सुकत घातलेले बोंबील मोजल्यासारका. येक डोकं कमी दिसलं का त्याचा वाटा कायमचा गेला.

उत्तराबाई : म्हणून ही मुलगी मंगळवारी शाळेत नसते! आणि मी वर्षभर समजत होते, मंगळवारी हिचं पोट दुखतं.

जनाबाई : पोटाचंच दुखनं हाय ते, बाय.

उत्तराबाई : जनाबाई, तुम्ही तरी यांना काही सांगा. आमच्या कायस्थ आळीत तुम्ही मासळीची टोपली घेऊन यायचात, तेव्हा ही रतन तुमचा पदर धरून असायची. माझ्या सासूबाई अजून विचारतात, जनाबाई येत का नाही?

जनाबाई : कशी येनार? मना टोपली घ्यायची बंदी हाय.

उत्तराबाई : कोणाची बंदी?

जनाबाई : ह्या तांडेलांची. समितीवाल्यानं मना टोपलीसकट बगितलं, तर बोलेल यांचा धंदा चालू झाला, न जवारीचं कारड काढून घेईल. म्हनून टोपली माल्यावर न मी चुलीम्होरं. मी धडधाकट बाई, बाय, पन मना उपाशी दिसायची नोकरी लागलीय.

दामाजी : हिला सोपं वाटतं. गरीब असनं सोपं हाय बाय, गरीब दिसनं लय कठीन. पयल्या मंगलवारी मना जमलंच नाय. तांडेल ना मी, होडीचा धनी, सुकानू धरून धरून छाती पुढं आलेली. शेठ बोलला, यो तर पैलवान हाय, याला कसली जवारी? मंग शेजारच्या मोरूकडनं शिकलो. खांदे कसे पाडायचे, खोकला कवा काडायचा. आता रविवारपासून दाढी करत नाय. मंगलवारचा सदरा येगला ठेवलाय, तो हिला धुवाया देत नाय. आज अशी गत हाय का मोरूच माज्याकडं शिकाया येतो. बोलतो, दामाजी, तुजा खोकला काय खोल लागतो रे!

उत्तराबाई : म्हणजे शिकायचं ठरवलं तर तुम्हाला येतं.

दामाजी : येतं ना. फक्त शाला चुकली.

जनाबाई : पोरीला बी शिकवाया बसले होते परवा. तिला बोलले, हात जोडू नको, नाक ओढ.

उत्तराबाई : हे काय आणखी?

दामाजी : तुमच्या शालेनं घात केला, बाय, म्हनून शिकवावं लागलं. मागल्या मंगलवारी शेठनं रतनच्या पिशवीत जवारी ओतली. बाकीची पोरं काय करतात? नाक पुसतात, पुढं सरकतात. आमच्या रतननं दोन्ही हात जोडले, न काय बोलली ठावं हाय? "आभारी आहे, महोदय."

उत्तराबाई : छान बोलली!

दामाजी : काय छान? शेठची काठी हवेतच थांबली. बोलला, ही पोर कोनाची? ही काय गरजू नाय दिसत, ही तर उद्या भाषान करेल. न तितंच आमचं माप आर्धं केलं. "महोदय" शिकवाया तुमाला किती वेल लागला कोन जाने, मना तो शबूद आर्ध्या मापाला पडला.

उत्तराबाई : हसवू नका हो मला, मी भांडायला आलेय. हे बघा, रतन हुशार आहे. फायनल पास झाली की ट्रेनिंगला घालू. मग मास्तरीण होईल, दर महिन्याला पगार घरात येईल. कोणाच्या काठीखाली उभं राहायला नको.

दामाजी : कंदी येईल पगार?

उत्तराबाई : ट्रेनिंग धरून... तीनेक वर्षं धरा.

दामाजी : न जवारी उद्या हाय.

(उत्तराबाई फळीवरून उठतात.)

दामाजी : तुमाला राग आला. पन मी काय पोरीचा वैरी हाय? तिच्या जागी उबी करायला मोरूकडं त्याची पोर गोदा मागितली मी. डोकं ते डोकं, शेठ काय तोंड बगत नाय. तर मोरू बोलला, गोदा गुनाजीला दिली. गुनाजीची पोर सासरी गेली ना, तिचा वाटा चालू ठेवायचा हाय. चांगली डोकी शनवारीच जातात, बाय. उरलीय ती मोरूची आंधली आत्या. तिला चवदा वरसांची कशी बोलू?

जनाबाई : बोलाल, तुमचा काय नेम?

दामाजी : मना येक सुचलंय, बोलू का? बाय, तुमी अंगानं बारीक. डोक्यावरनं पदर घेऊन जरा वाकून उब्या रायल्या, तर...

जनाबाई : आवो! मास्तरीनबायला रांगेत उबी करता? जीभ झडली नाय तुमची?

उत्तराबाई : राहू द्या, जनाबाई. दामाजी, मी उभी राहीन हो, पण शेठनं जवारी घातली की माझ्याही तोंडून "आभारी आहे, महोदय" निघणार. मीच शिकवलंय ते. उरलेलं अर्धं मापही जाईल.

दामाजी : खरं हाय. तुमी नकोच.

उत्तराबाई : आता थट्टा पुरे. मला एक कळत नाही. तुमच्याबरोबर ज्यांच्या होड्या गेल्या, त्यातले कितीतरी दुसऱ्याच्या होडीवर जातात. तुम्ही का नाही?

दामाजी : दुसऱ्याच्या होडीवर खलाशी? ज्या पोराला मी जालं टाकाया शिकवलं, तो मना बोलनार, दामाजी, पानी उपस?

उत्तराबाई : बरं, ते नाही. आमच्या शाळेत रात्रीचा वर्ग काढलाय मोठ्या माणसांचा. तुम्ही आलात, चार दिवस बसलात, आणि गायब. लिहिता-वाचता आलं असतं तर नाक्यावर कुठेही शिपायाची जागा मिळाली असती.

दामाजी : बसलो होतो ना. माज्या बाजूला कोन? गुनाजीचा पोरगा, काल मिसरूड फुटलेला. मी पाटीवर ‘ग’ काढला. मास्तर फार भले, हलू आवाजात बोलले, दामाजी, तुमचा ग लंगडतोय. हलू बोलले, पन अख्ख्या वर्गानं ऐकलं. खाडीत येवडी वरसं काडली, वादलात होडी गेली तवा बी मना कोन हसलं नव्हतं. येका लंगड्या ‘ग’ला हसले.

जनाबाई : बाय, मी सांगते खरं काय ते. होडी नाय, जालं नाय, तरी खाडीत चिखल हाय का नाय? चिखलात निवट्या हायत. भोकात हात घालायचा न मासा काडायचा. त्याला ना भांडवल लागत, ना कुनाचं पानी उपसावं लागत. वरीस झालं सांगते, मी उतरते. तर बोलतात, तांडेलाची बायको चिखलात? बरं, तुमी उतरा. तर बोलतात, ते बायका-पोरांचं काम.

दामाजी : हायच ते बायका-पोरांचं.

जनाबाई : न रांगेत नाक ओढनं कुनाचं काम हाय?

उत्तराबाई : जनाबाई...

जनाबाई : बोलू द्या मना. आमी भात खानारी मानसं. ती तांबडी जवारी घशात अडकते, पोरं रात्री पोट धरून बसतात. त्याच्यासाटी उद्या माज्या पोरीचा पेपर बुडवायचा?

दामाजी : तू वराडतेस, पन तुना ठावं नाय. बाय, तुमी तरी ऐका. रांगेत उबा रायलो, तरी मी तांडेलच हाय. मागचे-पुढचे बोलतात, बिचारा, केवडी होडी होती याची! शेठ बी येकदा बोलला, मोठा मानूस होता म्हनतात. चिखलात उतरलो, तर केवडी होडी होती असं कोन बोलेल? बोलतील, याला साधी निवटी धरता येत नाय. तुमच्या वर्गात बसलो तर, याला ग येत नाय. रांगेत काय यावं लागत नाय, बाय. नुसतं उबं रायचं, न होतो तोच मोठा मानूस रायचं. म्हनून मना रांग बरी वाटाया लागली. घ्या, हसा आता.

(बाहेर ओट्यावर रतन मोठ्यानं पाढा म्हणते आहे.)

दामाजी : कितीचा हाय यो?

उत्तराबाई : एकोणतीसचा.

दामाजी : कठीन असतो?

उत्तराबाई : फार. माझाही चुकतो कधी कधी.

दामाजी : हिचा चुकत नाय काय?

उत्तराबाई : नाही.

जनाबाई : मी सांगून ठेवते. उद्या रतन पेपराला जाईल. न मी टोपली काडनार. धर्मशालेच्या म्होरनं जाईन, शेठच्या काठीच्या टप्प्यातनं, सगल्यांना दिसेल अशी.

दामाजी : येडी झालीस? कारड जाईल! नुसता रतनचा वाटा नाय, पाचींचा!

जनाबाई : जाऊ दे.

दामाजी : न टोपलीत काय घालशील? फली?

जनाबाई : ते तुमी ठरवा. उद्या पुनव. सकाली मोठी ओहोटी. पार कांदलवनापर्यंत चिखल उगडा पडेल.

दामाजी : सगला कोलीवाडा बगेल.

जनाबाई : मंगलवारी सकाली कोलीवाड्याला नंबर लावायची घाई. तुमचे पाय बगायला कोनाला वेल हाय?

उत्तराबाई : मी निघते. अंधार पडायच्या आत घरी पोचायचंय. दामाजी, मी तुमच्या घरात जास्त बोलले असेन तर...

दामाजी : नाय, नाय. थांबा जरा. पेपराला पोरीनं काय न्यायचं असतं?

उत्तराबाई : टाक आणि दौत. कागद तिथे मिळतो. आणि पोटात काहीतरी असू द्या.

दामाजी : वेल?

उत्तराबाई : साडेदहाला फाटकाशी. मी उभी असेन.

दामाजी : म्हंजे अंग धुवून बिवून, सदरा बदलून, मना पोचवता येईल तिला.

जनाबाई : कनचा सदरा? मंगलवारचा?

दामाजी : दुसरा काड. न जने...

जनाबाई : काय?

दामाजी : सकाली तू पुढं चाल. कनच्या भोकात हात घालायचा, ते मना ठावं नाय.