इंजिनाच्या बैठकीखालच्या दोन चकत्या

सन्माननीय अध्यक्ष महाराज, व्यासपीठावरील मान्यवर पाहुणे, आजचे सत्कारमूर्ती शालिकराम मास्तर, त्यांच्या सौभाग्यवती गोजराबाई आणि कारंज्याच्या सुज्ञ बंधुभगिनींनो,

मास्तर उद्या नागपूरला विमानविद्या शिकवायला निघाले. शाळेच्या पगारात, आमच्या कापसाच्या जिनिंगच्या शेडमध्ये, ज्याने स्वतःच्या हातांनी विमान बांधलं, त्याला नागपूरने बोलावू नये तर कोणाला? मी भगवंतराव, जिनिंगचा फोरमन. त्या विमानाचा मी अर्धा मिस्त्री आणि पूर्ण टीकाकार होतो.

तर काय व्हायचं, इंजिनाला जोर दिला की विमानाचं नाक डावीकडे वळायचं. मास्तरांना उजवा पाय सतत दाबून धरावा लागे. ते म्हणाले, शेपटीच्या सुकाणूला पत्र्याची पट्टी लावू. मी म्हणालो, मुळात इंजिनच जरा उजवीकडे कलतं बसवू. आठ दिवस वाद! शेवटी ज्यांच्या पडीक रानात विमान धावायचं ते फुलसिंग म्हणाले, "बैल एकीकडं ओढून राह्यला तं कासरा कायले ताणता? जू सरकवा नं!" मास्तर हसले आणि त्यांनी माझं ऐकलं.

मी इंजिनाच्या बैठकीत डाव्या बोल्टांखाली दोन चकत्या, म्हणजे वॉशर, घातल्या; डावी बाजू पुढे सरकली की इंजिन उजवीकडे कलणार, हा हिशेब. पंचावन्नच्या संक्रांतीला मास्तर सुटले ते थेट डावीकडे, शेताच्या बांधावर, धुऱ्यावर. पाय मोडला. गाव म्हणालं, मास्तरचा पाय हुकला. गोजराबाईंना तर भरबाजारात ते ऐकावं लागलं.

बंधुभगिनींनो, पाय हुकला नव्हता. जिनिंगमध्ये आम्ही यंत्राच्या तोंडापुढे उभे राहून डावं-उजवं ठरवतो. विमानात ते आत बसणाऱ्याचं धरतात. माझ्या डाव्या हाताला होती ती विमानाची उजवी बाजू! इंजिन उलटंच कललं. मास्तर प्लास्टरमध्ये असताना मी गुपचूप चकत्यांची बाजू बदलली. पुढच्या खेपेला विमान सुतासारखं सरळ गेलं, आणि टाळ्या मी घेतल्या. त्याची मला लाज वाटते.

काय मास्तर, मान हलवता? म्हणजे ठाऊक होतं? आणि दोन वर्षं माझ्याकडे चहा पीत राहिलात? धन्य आहे तुमची!

आपण सर्वांनी शांतपणे ऐकलंत, मी ऋणी आहे. बोलण्यातलं कमीजास्त सभेने पोटात घालावं. मास्तर, तुम्ही मात्र माझी ती चूक आता पोटात ठेवू नका. नागपूरला पहिल्याच तासाला सांगा, आणि माझ्या नावानिशी सांगा.