आपोआप मोठी झालेली अक्षरं

त्या दिवशी वारज्यात दाट धुकं होतं, पंखा कुणाला आठवत नव्हता. नातीनं आमच्या गेलेल्या हिच्याबद्दल इंटरनेटवर काहीतरी लिहिलं होतं, अन् ते मला स्वतः वाचायचं होतं. मी शाळेत गेलो नाही. अक्षरं हिनंच शिकवली, पाटीवर मोठी काढून. कॉम्प्युटरवरची मात्र मुंगीएवढी. शेजारच्या देशपांड्यांना म्हटलं, "जरा मोठी करून द्या."

"जेवून येतो," म्हणाले.

मी हात मांडीवर ठेवून पडद्यापुढे बसलो, तर अक्षरं हळूहळू वाढत गेली. बोट लावून सगळं वाचलं.

देशपांडे आले तेव्हा म्हटलं, "आपोआप मोठी झाली हो. वाचूनही झालं."

त्यांनी कॉम्प्युटरचं बटण दोनदा दाबून पाहिलं. "आप्पा, मला आत्ता जेवताना कळलं, सकाळपासून आख्ख्या सोसायटीत लाईट नाहीये."