खळवाडीत कुणाची हरकत नव्हती

माझं गाव धरणगावकडचं, लहानसं, नाव सांगून तुम्हाला कळायचं नाही, कपाशीचा मुलूख सगळा. मी रांगत होतो तेव्हाच आई गेली, बाप दिवसभर दुसऱ्याच्या शेतात, म्हणजे मला वाढवलं ते अक्कानं, माझी मोठी बहीण, बारा वर्षांनी मोठी. कपाशी वेचायला जाताना मला बांधावर बसवायची आणि दोन-चार झाडं झाली की मान वळवून बघायची, आहे का गेला कुठं. मला शाळेत घातलं तिनं, स्वतः नाही गेली. तिचं लग्न जळगावात झालं, मेहुणे हमाली करायचे, आणि सातवी पास होऊन मीही तिच्या पाठोपाठ आलो, दोन वर्षं तिच्याच ताटात जेवलो. हे पहिलं लिहून घ्या. पुढं जे सांगणार आहे ते मी कुणाशी केलं, ते वाचणाऱ्याला आधी कळू द्या.

मग मी एका ऑफिसात शिपाई लागलो, रोजंदारीवर. ऑफिसचं नाव नका लिहू, शहराचे नकाशे व्हायचे तिथं एवढं पुरे. आता माझी भाषा अशी ऐकून तुम्हाला वाटेल हा खानदेशी नाहीच, तर साहेब लोकांत राहून जीभ अशी वळली, घरात आम्ही बठ्ठे, म्हणजे सगळे, अहिराणीच बोलतो. माझं काम काय, तर चहा, फाइली, आणि रंग कालवणं. चिनी मातीच्या बशा होत्या, त्यात रंग कालवून ड्राफ्ट्समनच्या टेबलावर ठेवायचे. राहायची घरं जिथं, तिथं पिवळा. दुकानं निळी. शेती, बगीचे हिरवे. आणि कारखान्यांना जांभळा. वीस-बावीस वर्षं मी ते रंग कालवले, झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं. म्हणून म्हणतो, या माणसाला समजलं नव्हतं असं काही लिहू नका. समजलं होतं हो, तेच तर दुखणं आहे.

अक्कानं आणि मेहुण्यांनी खळवाडीत जागा घेतली ती माझ्याच सांगण्यावरून. शहराच्या कडेला, पूर्वी तिथं खळी होती, मग लोकांनी तुकडे घेऊन पत्र्याच्या खोल्या टाकल्या, चाळीसेक घरं झाली. अक्का मला म्हणाली, भाऊ, तू नकाशावाला शे, दख बरं ती जागा कशी शे. मी नकाशात बघितलं आणि सांगितलं, पिवळी शे अक्का, खुशाल ले. तिनं घेतली. पुढं मेहुणे वारले, मूलबाळ नाही, मी म्हटलं चल माझ्याकडे, तर नाही म्हणाली. बहिणीनं भावाच्या दारी पाहुणी म्हणून यावं, आश्रित म्हणून नाही, असं तिचं. ज्वारीचे बिबडे करायची, पापड करायची, घरोघर द्यायची. त्या पत्र्याच्या खोलीच्या जागी दोन पक्क्या खोल्या आणि पुढं ओटा, एवढंच तिला पाहिजे होतं. ओट्याची लांबी सुद्धा तिनं काठीनं आखून ठेवलेली, तिथून कुणी चालत गेलं तर ओरडायची, अरे मना ओटावर पाय नको देऊ! ओटा कुठं होता? माती होती नुसती.

आणि मग तो बदल आला. डाळ मिली वाढत होत्या, रस्त्यालगत जागा पाहिजे होती, खळवाडीचा पिवळा पुसून जांभळा करायचा असं वरून ठरलं. नोटीस लागली, कुणाची हरकत असेल तर तीस दिवसांत लेखी द्यावी. नोटीस आमच्याच फळ्यावर, खळवाडीतून कोण येणार ती वाचायला? कायद्यानं तेवढ्यानं भागलं असतं, पण आमचे हेडक्लार्क पक्के, ते म्हणाले, लोकांचं म्हणणं फाइलला लागलं तर पुढं कुणी बोट ठेवायचं नाही. मला म्हणाले, तुझी बहीण राहते ना तिथं, तुझं ऐकतील, घरोघर जा, हरकत आहे का विचार, नसेल तर सही-अंगठा घेऊन ये. आणि मी दारातून निघताना म्हणाले, तुझे कायम करायचे कागद साहेबांच्या टेबलावर आहेत बरं का. दुसरं काही नाही म्हणाले. म्हणायची गरजच नव्हती, माझी तीन लेकरं तेव्हा शाळेत होती.

आता आमच्या खानदेशात कसं, तुम्हाला सांगतो. दारी आलेल्या माणसानं विचारलं, भाऊ बसू का, हरकत शे का, तर कुणी शे म्हणेल का? जिभेवरच येत नाही. हरकत हा शब्द आमच्याकडे ‘हरकत नाही’ म्हणण्यासाठीच आहे. आणि मी तर अक्काचा भाऊ, म्हणजे सगळ्या गल्लीचा पाहुणा. मी वही घेऊन गेलो आणि घरोघर एवढंच विचारलं, नकाशामा थोडा बदल शे, काही हरकत शे का? जो तो म्हणे, नई रे भाऊ, हरकत कसानी, बस ना, चहा पी. मी लिहिलं, हरकत नाही. अंगठा. पुढचं घर. नऊ ठिकाणी चहा प्यालो मी त्या दिवशी.

एका म्हाताऱ्यानं, आबा म्हणायचे त्यांना सगळे, त्यांनी मात्र विचारलं, बदल काय शे रे पन? मी वहीचं पान उलटलं. म्हटलं, काही नई आबा, नकाशामा रंग बदली ऱ्हायना, पिवळाना जांभया. आबा हसले, म्हणाले, व्हऊ दे ना मंग, मना घरले थोडाच रंग देतस! सगळे हसले. मीही हसलो. खोटं नाही बोललो, बघा तुम्ही, एक शब्द खोटा नाही. असं मी स्वतःला पुष्कळ वर्षं सांगितलं.

पण आबांचं घर शेवटचं, पहिलं घर अक्काचंच घेतलं होतं. ती बाजेवर बिबडे वाळत घालत होती. मी तिच्याकडे न बघता वही पुढं केली आणि शाईचा पॅड काढला. तेव्हा साक्षरतेचे वर्ग निघाले होते, ती संध्याकाळी जायची, पाटीवर नाव गिरवायची. मला म्हणाली, अंगठा कसाले? मी सही करस. पदराला हात पुसले, जमिनीवर बैठक मारली आणि एकेक अक्षर उच्चारत नाव लिहिलं, काना देताना जीभ बाहेर. कशावर करतेस ते तिनं विचारलं नाही. भावानं आणलेल्या कागदाला काय विचारायचं? लिहून झाल्यावर वही लांब धरून बघितली आणि म्हणाली, दख, चांगली ऊनी ना? मी म्हटलं, झकास.

फाइल वर गेली, मंजूर होऊन आली. जांभळा रंग मीच कालवला, बशीत. त्याच वर्षी मी कायम झालो.

दोन वर्षांनी अक्कानं घराच्या परवानगीचा अर्ज केला. मला ठाऊक होतं काय होणार, तरी तिचा कागद घेऊन टेबलाटेबलाला फिरलो, तिला दिसावं म्हणून फिरलो, ती बाकावर बसून बघत होती. शेवटी एका नव्या क्लार्कनं, बिचाऱ्याला काही माहीत नाही, फाइल काढली आणि म्हणाला, बाई, ती जागा आता कारखान्यांची, राहायचं घर बांधता यायचं नाही, आणि तुम्ही तर लिहून दिलंय ना, ही सही कुणाची? अक्का वाकली, बघितलं, आणि तिचा चेहरा असा खुलला हो, काय सांगू तुम्हाला. म्हणाली, हाई ते मनीच सही शे! तो म्हणाला, मग झालं तर. हळूहळू तिच्या ध्यानात आलं. तिनं माझ्याकडे बघितलं. मी पंख्याकडे बघितलं. तर ती माझ्याकडे बोट करून त्या क्लार्कला म्हणते, याना काही दोष नई साहेब, मनीच चूक शे, माले वाचता येत नई नि मी सही करी बसनू.

मी तिथंच बोलायला पाहिजे होतं. एवढंच म्हणायचं होतं, अक्का, तुझी नाही, माझी चूक. तिला रिक्षात बसवून दिलं आणि जाऊन साहेबांना चहा नेऊन दिला.

मग शेजारी डाळ मिल आली. दिवसभर धडधड, भिंतीचे पत्रे वाजायचे, बिबड्यांवर टरफलाची धूळ बसायची, कोण घेणार तसले? लोकांनी एकेक करून जागा मिलवाल्यांना दिल्या. अक्का शेवटपर्यंत थांबली, मग खोकल्यानं बेजार झाली तेव्हा मी तिला घेऊन आलो. आधी दर आखाजीला मी तिला आणायला जायचो, आमच्याकडे लेकीबाळींचा सण तो, माहेरी यायचा. आता ती माझ्याच घरी आहे, चार वर्षं झाली, आखाजीला मी कुठं जाऊ तिला आणायला? त्या दिवशी ती सुनेच्या हाताखाली पुरण वाटते.

आणि एक सांगतो, ते लिहाच. त्या दिवसापासून तिनं सही नाही केली. रेशनवर, निराधारच्या पैशांना, कुठंही, अंगठाच पुढं करते. नातीनं परवा विचारलं, आजी, तुला तर नाव लिहिता येतं ना? तर म्हणाली, येस व माय, पन मना सहीनं बठ्ठी खळवाडी उठी गयी.

तुम्ही गोष्टी लिहिता म्हणून कुणी सांगितलं, म्हणून तुम्हाला बोलावलं. छापून आणा नाहीतर नका आणू. ती मागच्या खोलीत आहे, जागीच असेल. मला दहा वर्षांत तोंड उघडता आलं नाही, तर तुम्ही जे लिहिलंत ते तिला वाचून दाखवा, माझं वाईट काही गाळू नका. सावकाश वाचा, मिलच्या आवाजानं ती कमी ऐकते. मी बाहेर नाही जात. मी समोरच बसतो.