कोंबड्यांचा कोरोना

कुलदीप : मॅडम, तो एक शब्द सोडून बाकी सगळं सांगा लोकायले. कोंबड्यायले सर्दी झाली म्हना, अंडे सुरकुतले म्हना. कोरोना नका म्हनू.

डॉ. संध्या : अकोल्याच्या लॅबमधून रिपोर्टच तसा आलाय, कुलदीपभाऊ. आणि घाबरण्यासारखं नाही. कोंबड्यांचा कोरोना वेगळा. नव्वद वर्षांपासून माहीत असलेला रोग आहे. माणसाला होत नाही.

कुलदीप : हे तुमाले माहीत. तिवस्याच्या बाजारात कोनाले माहीत आहे? वीस साली माह्या एकाही कोंबडीले काही झालं नव्हतं. कोनीतरी मोबाइलवर टाकलं, चिकन खाल्लं का कोरोना होते. गिऱ्हाईकच तुटलं. चार हजार पक्षी जित्ते पुरले मी. तवा खोटं होतं तरी पुरले. आता त खराच निघाला.

डॉ. संध्या : या वेळी काही पुरायचं नाही. दोन-तीन आठवड्यांत बहुतेक पक्षी सावरतील. शेड कोरडं ठेवा, हवा खेळती ठेवा. मात्र इथे काम करणाऱ्यांना सांगावं लागेल.

कुलदीप : भागीरथाबाईले? नका सांगू. एकवीस साली तिचा नवरा कोरोनानंच गेला, अमरावतीच्या दवाखान्यात. हा शब्द आयकला का ती उद्यापासून येनार नाही. अंडे वेचाले दुसरं कोनी भेटत नाही मले.

डॉ. संध्या : त्यांच्या घरी कोंबड्या आहेत?

कुलदीप : आहेत पाच-सहा.

डॉ. संध्या : मग तर सांगायलाच हवं. चपलांवरून, कपड्यांवरून हा रोग त्यांच्या कोंबड्यांपर्यंत जाईल.

भागीरथा : कोनता रोग, बाई?

कुलदीप : काई नाई भागीरथाबाई. तुमी ट्रे ठेवा तिकडं.

भागीरथा : ठेवले. माह्या मालकाची गोष्ट निघाली म्हनून दारात थांबली.

डॉ. संध्या : बसा मावशी. या कोंबड्यांना कोरोना झालाय. पण तुमचे मालक ज्यानं गेले, तो हा नव्हे. खानदान एक, पण जो तो वेगळा. वासरांना होतो तो आणखी निराळा. कोंबडीचा माणसाला लागत नाही.

भागीरथा : कधीच नाही लागत?

डॉ. संध्या : आजवर एकाही माणसाला लागलेला नाही.

भागीरथा : मंग मी इथून नेला नाही घरी?

डॉ. संध्या : म्हणजे?

भागीरथा : तवाबी मी इथंच अंडे वेचत होती. हे गेले, त सासू म्हने, तुह्याच लुगड्यातून आला, त्या कोंबड्यायतून. ननदबी तेच म्हने. पोरगा, अंकुर, तो काही बोलला नाही. पर त्या दिवसापासून इथचं अंडं खाल्लं नाही त्यानं.

कुलदीप : इतके वर्सं झाले. मले काहून नाही सांगतलं?

भागीरथा : काय सांगू? मले सोताले तसंच वाटून राहिलं होतं.



डॉ. संध्या : ते काय काम करायचे, मावशी?

भागीरथा : जीप चालवत. तिवसा-अमरावती. शिटा भरून.

डॉ. संध्या : कोणत्या माणसाकडून लागला, ते आता कोणालाच सांगता येणार नाही. पण तुमच्या लुगड्यातून, या कोंबड्यांतून नाही गेला. हे मी डॉक्टर म्हणून सांगते. लागलं तर तुमच्या घरी येऊन सांगते.

भागीरथा : नको. मीच सांगीन. घरच्या कोंबड्यायचं काय करू ते सांगा.

डॉ. संध्या : इथल्या चपला इथेच ठेवा. लुगडं बदलून, हातपाय धुऊन मगच त्यांच्यात जा.

कुलदीप : भागीरथाबाई, उद्या येसान ना?

भागीरथा : येईन. आज थोडी लवकर जाऊ द्या. सासूचा दुपारी डोळा लागते, ती जागी आहे तोवर घरी पोचाचं आहे.