विद्यार्थिनींतर्फे दोन शब्द

सत्काराचं म्हणाल, तर आमच्या कुलगुरूंच्या निरोप समारंभाचं ऐका. मी म्हटलं, "विद्यार्थिनींतर्फे मी बोलते." सत्कार समितीचे अण्णा म्हणाले, "तू ओवाळ की पोरी. बोलायला आम्ही हाय."

तासभर सगळे स्वतःबद्दलच बोलले. कुलगुरू सरांनी भांडून मुलींचं वसतिगृह उभं केलं, हे कुणाच्या तोंडून निघालं नाही. ते नसतं तर घरच्यांनी मला नेसरीहून शिकायला पाठवलंच नसतं. शेवटी ओवाळताना मी सरांना तेवढं हळूच सांगितलं.

"हे माईकवर सांग," सर म्हणाले.

अण्णा पुढं झाले. "आणि ताट कोण धरणार?"

"मी धरतो."

माझं बोलून होईपर्यंत फेटा बांधलेले कुलगुरू ताट घेऊन उभे होते. ते उभे, म्हणून व्यासपीठावरच्या सगळ्या ज्येष्ठांनाही उभं राहूनच ऐकावं लागलं.